कूलर लावून केलेलं बोलणं

जवाहर नगरात, सेक्टर चारमध्ये, गिजऱ्यांच्या घरी भर ऑगस्टात कूलर सुरू झाला की समजावं, आत पैशाचं बोलणं चाललंय.

आता जयपूरच्या ऑगस्टात कूलर कोण लावतं? मे-जूनच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जीव वाचवतो, हे खरं. पण पावसाळी हवेत तोच कूलर घर चिकट करून टाकतो, डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. तरीही नंदकिशोर गिजरे ऑफिसातून आले, चहा झाला, की आतल्या खोलीतलं ते पत्र्याचं धूड घरघरायला लागायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहून नवरा-बायको कुजबुजायचे. कारण एकच. बाहेरच्या खोलीत लेक बसलेली, आणि मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही, हा आपल्याकडचा शिरस्ता!

हसू नका. तुमच्या घरी कूलर नसेल, पण मिक्सर असेल, टीव्हीचा आवाज असेल, नाहीतर ‘जा गं, खालून कोथिंबीर घेऊन ये’ असेल. आपण सगळे त्यातलेच.

नंदकिशोर मूळचे कराडचे. विमा कंपनीत अधिकारी, ऑफिस शहरातल्या झालाना भागात. आधी रायपूर, मग भोपाळ आणि गेली दोन वर्षं जयपूर. बदलीच्या नोकरीची या घराला सवय होती, पण त्या बदल्यांनी यंदा चांगलाच हिसका दाखवला. त्यांची एकुलती एक लेक ज्ञानदा डॉक्टरीच्या प्रवेशासाठी नीटची परीक्षा देऊन बसली होती. मार्क चांगले पडले. पण दहावी भोपाळची आणि बारावी जयपूरची! महाराष्ट्राच्या जागांच्या नियमात ती बसेना, राजस्थानच्या नियमातही बसेना. राहिल्या त्या फक्त देशभराच्या सामाईक जागा, आणि तिथे तिचा क्रमांक अगदी काठावर, बावीस हजारांच्या थोडा पुढे. पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. दुसऱ्या फेरीत नक्की मिळेल असं जो तो म्हणायचा, पण छातीवर हात ठेवून सांगायला कोणी तयार नव्हतं.

त्या घरात तेव्हा नुसती भीती होती. फोन वाजला तरी भीती आणि नाही वाजला तरी भीती. शेजारीण गॅलरीतून इथल्या मिठाईची आठवण करून द्यायची, “भाभीजी, घेवर कब खिला रही हो?” ज्ञानदाची आई जयंतीबाई हसून “बस, होने दीजिए” म्हणायच्या आणि आत येऊन ओट्याला धरून उभ्या राहायच्या. नंदकिशोरांचं तर विमा कंपनीत आयुष्य गेलेलं. काय काय वाईट होऊ शकतं याची यादी त्यांच्या डोक्यात तयारच असायची. आणि ज्ञानदाने काही विचारलं, की ते एकच वाक्य तिच्यापुढे टाकायचे. “तू फक्त अभ्यासाचं बघ. पैशाचं आम्ही बघतो.”

रविवारी बापलेकीने बसून कॉलेजांची पसंती भरली. एकसष्ट कॉलेजं, सगळी सरकारी. जयपूर पहिलं, मग अजमेर, दिल्ली, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, अगदी आसामपर्यंत. सोमवारी दुपारी यादी लॉक व्हायची होती. त्यानंतर त्या फेरीपुरतं कोणालाही यादीला हात लावता येत नाही. ते काम ज्ञानदाने घरून केलं आणि वडिलांना फोन करून सांगितलं, “झालं लॉक, बाबा.”

मंगळवारी दुपारी नंदकिशोर अर्धा दिवस रजा टाकून नीरजच्या ई-मित्र दुकानात गेले. कॉलनीतले सगळे लोक फॉर्म आणि छपाई तिथेच करतात. नंदकिशोरांना प्रत्येक गोष्टीचा कागद फाइलमध्ये लागायचा. नीरजने ज्ञानदाच्या लॉगिनवरून यादी काढली आणि एकच पान पुढे सरकवलं.

“नीरज, बाकी के पन्ने?”

“इतना ही है, अंकल. नौ कॉलेज.”

“नौ? अरे, इकसठ थे! ठीक से देख!”

नीरजने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सोमवारी दुपारी, लॉक व्हायच्या तासभर आधी, बावन्न कॉलेजं काढून टाकलेली होती. राहिलेली नऊ जयपूर, अजमेर आणि दिल्लीकडची, म्हणजे घरून किंवा फार तर एका बसने जाता येईल अशी. आणि ज्ञानदाच्या क्रमांकाला त्यातलं एकही कॉलेज दारात उभं करणार नव्हतं!

नंदकिशोरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजली, नऊच. लॉगिन तिचं, पासवर्ड तिचा, सोमवारी लॉकही तिनेच केलेलं. म्हणजे हे पोरीनेच केलं. पण का? डॉक्टर व्हायचं नाही का हिला? की कोणाचा दबाव आहे? दोन वर्षं पहाटे उठून घासलेली पोर आपल्याच हाताने असा धोंडा पाडून घेईल कशाला?

ते तसेच तरातरा घरी आले. जयंतीबाई भाजी निवडत होत्या.

“ज्ञानू कुठे आहे?”

“मैत्रिणीकडे जाते म्हणाली. का हो? असा चेहरा का केलाय?”

नंदकिशोरांनी कागद पुढे केला. जयंतीबाईंनी तो दोनदा वाचला आणि आधी फोनच उचलला. ज्ञानदाचा फोन बंद! मैत्रिणीला लावला. ती म्हणाली, “आंटी, वो तो आज आई ही नहीं.”

झालं! पुढची चाळीस मिनिटं त्या दोघांनी कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक. जयंतीबाई अनवाणी गच्चीवर धावल्या. खाली वाकून बघायचं धाडस होईना, तरी बघितलं. नंदकिशोर स्कूटर काढून बागेत गेले, वाचनालयात गेले, बसस्टॉपवर जाऊन आले. नको नको त्या बातम्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. परीक्षा, निकाल, हॉस्टेलची खोली. अशा बातम्या आपण सकाळी चहाबरोबर वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. त्या दिवशी नंदकिशोरांना ते पान उलटता येईना. रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून तो पन्नाशीचा माणूस हात जोडून पुटपुटला, “देवा, डॉक्टरी राहिली तर राहू दे. पोर तेवढी घरी येऊ दे.”

तेवढ्यात फोन वाजला. सुधाताई घोरपडे. या बाई सैन्यातल्या निवृत्त परिचारिका, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या, राहायला दोन गल्ल्या सोडून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत गिजऱ्यांची त्यांच्याशी ओळख झालेली.

“नंदकिशोर, तुमची पोरगी माझ्याकडे आहे. धडधाकट आहे, पोहे खातेय. दोघं या. आणि ओरडायचं असेल तर वाटेत ओरडून घ्या, माझ्या घरात ते चालत नाही.”

दोघं पोचली तेव्हा ज्ञानदा टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले. आईने तिला पोटाशी धरलं आणि इतकी घट्ट धरली की सुधाताईंनाच सांगावं लागलं, “अगं, श्वास घेऊ दे तिला!”

नंदकिशोरांनी कागद टेबलावर ठेवला. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढलाच.

“हे काय केलंस तू, ज्ञानू? बावन्न कॉलेजं! अगं, का?”

“परवडणार नव्हतं ना, बाबा.”

“कोण म्हणालं तुला?”

“तुम्हीच. मतलब, मला नाही म्हणालात. पण कूलर लागला की काय चाललंय ते मला कळतं. शब्द ऐकू येत नाहीत, पण विषय कळतो. एवढ्या दमटात कूलर कोण लावतं, बाबा?”

तिने पिशवीतून एक कागद काढला. फाडून कचऱ्यात टाकलेला, तिने चिकटपट्टी लावून जोडलेला. अक्षर नंदकिशोरांचं. फी, हॉस्टेल, मेस, येणंजाणं, आणि खाली अंगावर काटा यावा एवढी रक्कम. त्याखाली दोन ओळी होत्या. ‘कराडचा प्लॉट विकणे.’ ‘आईचा गुडघा पुढे ढकलणे.’

“आजी फोनवर मला म्हणाली, तूच डॉक्टर हो आणि माझा गुडघा कर,” ज्ञानदा रडत रडत म्हणाली. “ती हसत होती. आणि मला इथे हे सापडलं. माझ्या हॉस्टेलसाठी आजीने लंगडत बसायचं? तुमचा प्लॉट जायचा? मग म्हटलं, घरी राहून होत असेल तरच करायचं. नाही तर बी.एस्सी. करीन. आणि आज सकाळपासून असं वाटायला लागलं की मी सगळं संपवून टाकलंय. घरी बसवेना, तुम्हाला सांगवेना. म्हणून इथे आले.”

नंदकिशोर खुर्चीत बसले. त्यांनी तो जोडलेला कागद जवळ ओढला.

“अगं वेडे, हा सरकारी कॉलेजचा खर्च नाहीच! ऑफिसातल्या एकाने खासगी कॉलेजचं डोक्यात भरवलं होतं. तिथलं किती होईल ते मांडून बघितलं आणि कागद फाडून टाकला. सरकारी हॉस्टेलला एवढे कुठे लागतात? आसामात गेलीस तरी माझ्या पगारात बसतं ते. ओढून-ताणून, पण बसतं!”

“आणि आजी?”

“तिची शुगर वाढलीय,” जयंतीबाई म्हणाल्या. “डॉक्टरच म्हणाले, शुगर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, तेच यांनी कागदावर टिपलं होतं. तुझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून तुला सांगितलं नाही.”

“मग मला सांगायचं ना!” ज्ञानदा ओरडलीच. “एवढं एक वाक्य सांगायचं होतं!”

नंदकिशोर सुधाताईंकडे वळून म्हणाले, “ताई, आम्ही वाईट हेतूने नाही लपवलं हो. पोरीच्या डोक्यावर पैशाचं ओझं नको, एवढंच मनात होतं.”

“ओझं नव्हतं तिच्या डोक्यावर?” सुधाताईंनी चष्मा काढला. “मग बावन्न कॉलेजं काय हौस म्हणून काढली तिने? ऐका, नंदकिशोर. मी तीस वर्षं वॉर्डात काढली. जखमी पोरं यायची. त्यांना ‘काही झालं नाही तुला’ म्हटलं की ती जास्त घाबरायची. त्यांना वाटायचं, हे लपवतायत म्हणजे आपण आता वाचत नाही. आणि ‘पाय मोडलाय, तीन महिने लागतील’ असं तोंडावर सांगितलं की रडायची, शिव्या द्यायची आणि झोपायची. खरं कितीही वाईट असलं तरी त्याला कुठेतरी शेवट असतो. न सांगितलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. माणूस मनात ती वाढवत बसतो.”

“पण ताई, अठरा वर्षांची पोर ती...”

“अठराव्या वर्षी मत द्यायला चालते, उद्या लोकांच्या नाडीवर बोट ठेवायला चालणार आहे, आणि बापाला पगार किती ते कळलेलं चालत नाही? काय म्हणावं तुम्हाला! आणि बाईसाहेब, तुम्ही,” त्या ज्ञानदाकडे वळल्या, “कचऱ्यातला कागद जोडण्यात दुपार घालवलीस, त्याऐवजी ‘बाबा, हे काय?’ एवढं विचारायला काय झालं होतं? घाबरलीस. तेही घाबरले. तिघं एका घरात राहून तीन कोपऱ्यांत घाबरत बसलात!”

चूक कळली, पण यादी लॉक झालेली. ती आता कोण उघडणार? गुरुवारी निकाल लागेपर्यंत त्या घरात कोणी नीट जेवलं नाही. दुपारी निकालाची यादी आली. ज्ञानदाच्या नावापुढे काहीच नव्हतं. ते अपेक्षितच होतं. पण नंदकिशोरांना राहवलं नाही, त्यांनी खाली खाली बघत यादी चाळली, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. छत्तीसगडमधलं एक कॉलेज, काढून टाकलेल्या बावन्नांतलं. तिथली शेवटची जागा ज्ञानदापेक्षा तीनशे क्रमांक मागे असलेल्या कोणाला तरी मिळाली होती.

ती जागा तिची होती! रायपूरपासून तासाभरावर, ओळखीचा मुलूख, ओळखीची माणसं. हाताशी आलेली जागा या घराने गप्प बसून घालवली होती.

नंदकिशोरांनी ती ओळ, तो क्रमांक, सगळं लेकीला दाखवलं. आधी वाटलं, लपवावं. कशाला बिचारीला आणखी दुखवायचं? मग स्वतःचीच लाज वाटली. ज्ञानदाने बघितलं आणि ती खूप रडली. ते तिच्या शेजारी बसून राहिले. “ही चूक तुझी एकटीची नाही, ज्ञानू,” ते म्हणाले. “निम्म्याहून जास्त माझी आहे.”

आता तिसरी फेरी उरली होती. जागा थोड्या, माणसं फार. पण या वेळी यादी भरण्याआधी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली आणि नंदकिशोरांनी पगाराची पावती लेकीपुढे ठेवली. ज्ञानदा बघतच राहिली. “बाबा, एवढाच? मला वाटलं जास्त असेल,” ती म्हणाली, आणि जयंतीबाईंना त्याही दिवसांत हसू फुटलं. मग पोरीने एकेक विचारायला सुरुवात केली. भाडं किती, आजीच्या औषधांना किती, प्लॉट कशासाठी ठेवलाय, वर्षातून किती वेळा घरी येता येईल. काही प्रश्नांना नंदकिशोरांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं. सरकारी कॉलेज मिळालं तर कितीही लांब असो, जायचं. खासगीसाठी प्लॉट विकायचा नाही. आणि या फेरीतही नाहीच मिळालं, तर एक वर्ष पुन्हा अभ्यास, त्याचा खर्च झेपतो. भीती काही पळून गेली नाही. पण आता ती कशाची भीती आहे, हे तिघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या फेरीचा निकाल दुपारी साडेतीनला आला. ज्ञानदाने स्वतः बघितला. मग तिने पडदा आईकडे वळवला.

“आसाम,” ती म्हणाली. “आई, आसाममध्ये मिळालं. सरकारी.”

जयंतीबाई रडायला लागल्या. आनंदाने की धसक्याने, त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन दिवसांचा गाडीचा प्रवास, ओळखीचं कुत्रं नाही, भाषा वेगळी.

“बाबा, खरं सांगा. जमेल ना आपल्याला?”

नंदकिशोरांच्या ओठांवर सवयीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“पैशाचं जमेल. विमानाने येणंजाणं जमणार नाही, रेल्वेने यावं लागेल. दिवाळी आणि उन्हाळा, दोनदाच. मेस सोडून तुझ्या हातात महिन्याला तीन हजार देता येतील, त्यावर नाही.” मग त्यांनी लेकीचा हात धरला. “आणि मला फार भीती वाटतेय गं, तुला एवढ्या लांब पाठवायची.”

“मला पण वाटतेय, बाबा,” ज्ञानदा म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. “पण मी जाणार.”

मंडळी, ही एका घराची गोष्ट आहे, पण चूक एका घराची नाही. मुलांना झळ लागू नये म्हणून आपण त्यांच्यापासून पैसे लपवतो, आजार लपवतो, स्वतःची काळजी लपवतो, आणि आपण मोठा त्याग करतोय असं समजतो. मुलं आंधळी नसतात. त्यांना चेहरे दिसतात, कुजबुज कळते, आणि जे कळत नाही ते ती भीतीने भरून काढतात. ज्ञानदाची एक जागा गेली. एवढ्यावरच निभावलं, कारण त्या दुपारी ती एका शहाण्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. सगळीच मुलं अशा दारात जात नाहीत! तेव्हा तुमच्या घरात कोणी निकालाची वाट बघत बसलं असेल, तर आजच जेवताना त्याला सांगून टाका, आपल्याकडे किती आहे, किती नाही, आणि आपल्यालाही भीती वाटते आहे. ऐकून पोर घाबरेल कदाचित, पण ती तुमच्यासमोर घाबरेल.